मावशींनी दिलेला तुकडा

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईघर होतं आणि तिथं मावशींचं राज्य होतं. त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण कामावरच्या बायका, वरच्या मजल्यांवरच्या नर्स, इतकंच काय, मुकादमसुद्धा त्यांना मावशीच म्हणायचा. यंत्रातून निघालेला ओल्या चादरींचा जडशीळ पिळा त्या एका दमात उचलून वाळवणीच्या यंत्रात टाकायच्या. "बाई आहे की क्रेन?" असं मुकादम म्हणाला, की त्या म्हणायच्या, "क्रेनला निदान तेलपाणी तरी करतात."

या क्रेनच्या आत काय बिनसलंय, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. धाकट्याच्या बाळंतपणापासून मावशींना ओटीपोटात जडपणा वाटायचा. वय वाढलं, पाळी गेली, तसा तो वाढत गेला. मग संध्याकाळपर्यंत अंगच, म्हणजे गर्भाशयच, खाली उतरून बाहेर यायला लागलं. मावशी न्हाणीघरात जायच्या, हातानं ते आत सारायच्या, हात धुवायच्या आणि परत चादरींना भिडायच्या. जोरात हसलं की कपडे ओले व्हायचे, म्हणून विनोद सांगायचा त्यांनी आणि हसायचं बाकीच्यांनी, असा रिवाजच पडला होता. डोक्यावर चार मजले भरून डॉक्टर होते. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्यांनी वर्षं काढली.

अखेर ओळखलं ते सुनेनं. चिमुरडी नात हात पसरून आजीपुढं उभी राहायची आणि आजी खुर्चीत बसूनच तिला थोपटायची. उचलायची कधी नाही.

"आई, तुम्हाला हिचा कंटाळा येतो का?" एका सुट्टीच्या दिवशी सुनेनं सरळ विचारलं. तिच्या आवाजात राग होता.

मावशींच्या जिव्हारी लागलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. सून ऐकत राहिली. मग म्हणाली, "उद्या मी रजा टाकते. आपण दोघी जाऊ."

डॉक्टरीण तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिनं आधी अंग आत धरून ठेवणारी रबरी कडी बसवून पाहिली. ती काही टिकेना. तेव्हा शस्त्रक्रिया ठरली. आदल्या दिवशी ती मावशींच्या खाटेशी येऊन बसली.

"मावशी, एक विनंती आहे. मी एक अभ्यास करतेय. शस्त्रक्रियेत जो भाग काढावाच लागेल, त्यातला छोटा तुकडा तपासू का? नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही."

"त्यात काय बघणार?"

"आपण प्राणवायू वापरतो, तेव्हा शरीरात काही उपद्रवी कण तयार होतात. शरीर त्यांना आवरत असतं. ते आवरेनासे झाले, की चांगल्या पेशींची नासधूस करतात. त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. गर्भाशयाला धरून ठेवणारे जे तंतू असतात, तेही त्यानं कमकुवत होत असावेत. अंग बाहेर आलेल्या बायकांमध्ये त्या ताणाच्या खुणा जास्त सापडल्यात."

"म्हणजे चादरी उचलून नाही झालं हे?"

"त्याचाही हात आहे. बाळंतपणं, ओझं, वय, सगळ्यांचाच. पण आधी तो ताण येतो आणि त्यानं अंग खाली येतं, का आधी अंग खाली ओढलं जातं आणि त्यानं ताण वाढतो, हे अजून आम्हाला नीट कळलेलं नाही."

"मला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं," मावशी पुटपुटल्या.

"तुमचं काही चुकलं नाही, मावशी."

"मग घ्या तुकडा. पण एका अटीवर. मी बरी झाले, की तुम्ही खाली यायचं आणि हेच आमच्या बायकांना सांगायचं."

मावशी महिन्या-दोन महिन्यांनी कामावर परतल्या. ओझं उचलायला मनाई होती, म्हणून त्यांना चादरींच्या घड्या घालायच्या टेबलाशी बसवलं. डॉक्टरीण शब्दाला जागली. दुपारच्या सुट्टीत ती तळघरात आली, बोलली, आणि कुणाला काही विचारायचंय का, म्हणाली. सगळ्या बायका आपापल्या डब्यात बघायला लागल्या.

तेव्हा मावशी उठल्या. "यांनी सांगितलं ते पुस्तकातलं. आता माझं ऐका," म्हणाल्या, आणि न्हाणीघरापासून शस्त्रक्रियेपर्यंत काहीही न गाळता सांगितलं. ज्या गोष्टीनं त्यांच्या तोंडाला इतकी वर्षं कुलूप लावलं होतं, ती त्या भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होत्या.

इस्त्रीवरची एक जण हळूच म्हणाली, "मलाही आहे." मग कोपऱ्यातली आणखी एक बोलली. मुकादम बाहेर घुटमळत होता. त्याला आत बोलावून मावशींनी बजावलं, "उद्यापासून मळक्या कपड्यांच्या पिशव्या अर्ध्याच भरायच्या आणि पिळा दोघींनी मिळून उचलायचा." त्यानं मान डोलावली. मावशींपुढं त्याची मात्रा कधी चाललीच नव्हती.

पुढं डॉक्टरीण भेटली, की मावशी विचारायच्या, "माझा तुकडा काय म्हणतोय?"

"तुमच्या तुकड्यातही त्या खुणा सापडल्या. पण आधी ताण की आधी अंग, ते तो अजून सांगत नाही."

"असू दे. माझ्यासारखाच आहे तो. बोलायला वेळ लावतो," म्हणत मावशी खदखदून हसल्या.