दुखली नाही ती गाठ

शालूताई गेल्याचा फोन तिच्या नवऱ्यानंच केला. भाऊजी म्हणाले, "गेली बघा. ऑपरेशन बाधलं." मी लातूरला वर्गाबाहेर उभी होते. ताई गेली हे समजायच्या आधी तिला कशानं मारलं याचा निकाल लागलेला होता.

शालूताई माझी मावसबहीण, अर्धापूरला दिलेली. केळीच्या मळ्यातल्या घराची थोरली सून, मोठ्यानं बोलणारी, त्याहून मोठ्यानं हसणारी. पोत घालताना तिच्या हाताला गळ्यावरची गाठ लागली आणि नांदेडला सुईनं पाणी काढून तपासलं, तेव्हा मी सोबत होते. डॉक्टरांनी समजावलं, थायरॉइडच्या या जातीच्या गाठीत साध्या आणि कॅन्सरच्या पेशी सुईत सारख्याच दिसतात. पेशी गाठीचं कवच भेदून बाहेर पडल्या असतील तर कॅन्सर, आणि ते अख्खी गाठ काढून तपासल्यावरच कळतं.

"म्हंजे काढल्याबिगर कळत न्हाई. मग काढा की," ताई सरळ म्हणाली.

घरी सासूबाईंनी विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई."

"मग कशाला कापून घेतीस? पोरीचं लग्न तोंडावर हाय. गळ्यावरचा वण बघून पाव्हणे काय म्हणतील?"

भाऊजी म्हणाले, "डॉक्टरच म्हणून राहिले, सांगता येत न्हाई. मग कॅन्सर न्हाईच की."

ताईनं दोनदा विषय काढला, मग सोडून दिला. लग्न झालं. नंतर केळीची काढणी आली, मग लेकीचं बाळंतपण... एका सकाळी बाळाला न्हाऊ घालून पाटावरून उठताना तिच्या मांडीचं हाड मोडलं. त्या हाडात थायरॉइडच्या पेशी निघाल्या. मांडीत भेटल्या म्हणून कॅन्सर ठरल्या, एरवी दिसायला अगदी गरीब. मग घाईघाईनं गळ्याचं ऑपरेशन झालं, पण तोवर फुप्फुसंही धरली होती.

शेवटची भेटले तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. म्हणाली, "दुखत न्हवती गं, ह्योच घोळ झाला. दुखली असती तर ऐकलं असतं ह्यांनी..."

परवा अर्धापूरला गेले. बैठकीत हार घातलेला तिचा फोटो आहे, लेकीच्या लग्नातला. फोटोग्राफरनं कॉम्प्युटरवर गाठ पुसून टाकलेली, गळा कसा सोळा वर्षांच्या पोरीसारखा. भेटायला आलेल्या बायांना सासूबाई त्याच्याकडं बोट करून सांगत होत्या, "बघा, लग्नात काय सुदिक न्हवतं. कापलं अन् पसरलं."

बाया माना डोलवत होत्या.