कडी नसलेलं दार

लातूरला क्लासेसच्या गल्लीत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. एकदा एक बाई जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून आल्या. क्लासला आलेल्या पोरी त्यांच्या घरी भाड्यानं राहायच्या. बाहेरचं कुणी त्यांच्या नेटात घुसू नये म्हणून याच्यावर फायरवॉल बसवायची होती.

“नवा घ्या,” मी म्हणालो.

“जुना हाय, मेला न्हाई. तुम्ही सांगा, मी करते.”

एका बोटानं त्यांनी पहिला नियम टाकला: सगळं बंद. त्या कॉम्प्युटरचंच नेट गेलं. पदर खोचून त्या परत बसल्या आणि लागेल तेवढंच उघडत गेल्या.

“घरालाही अशीच कडी घालता वाटतं?”

“भूकंपात कडी निघेना, लेक आतच गेली. तवापासून माझ्या दाराला कडी न्हाई,” त्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. “पण आत कोण यायचं, ते मीच ठरवणार.”