सत्काराची शाल

चूक माझी होती. व्यसनमुक्ती केंद्रात शिकलेल्या कामावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं अहमदपूरला पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मी, माइक दिसला की राहवत नाही असा मास्तर, शाळेत त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि त्याच्या नशेचं माझ्या तोंडून साग्रसंगीत वर्णन. टाळ्या वर्णनालाच पडल्या. त्यानंतर पंखे काढायला लोक त्याला घरात बोलवेनात.

तो पंख्याच्या मोटरवर तारेचे वेढे मोजत गुंडाळतो आणि मोजणी संपेपर्यंत कुणालाही उत्तर देत नाही. दुकानात जाऊन मी धंद्याचं विचारलं, तर शेवटचा वेढा बसवून म्हणाला, "माझी नशा चार घरांना ठाव होती, सर. तुम्ही तालुक्याला सांगितली. पुढला सत्कार कधी हाय?"

माझी शाल त्यानं पंख्यांवर धूळ बसू नये म्हणून पांघरली होती.

"अन् तुमच्या घरचे पंखे परवा कोण काढून नेले?"

मी दुसऱ्याला बोलावलं होतं. तो पुन्हा वेढे मोजू लागला. ते संपेपर्यंत मी स्टुलावर बसून राहिलो. मग माइक नसताना म्हणालो, "माझं चुकलं. माजघरातला पंखा उरलाय, तो काढायला उद्या घरी ये. मी शाळेत असेन, दार तुझ्या काकू उघडतील."