नर्मदेची भेंडी

धुरपताबाईच्या हातचं दही फुटायचं. बाकी सगळं यायचं बाईला. भाकर टाकली की टम्म फुगायची, पुरणात शोधून गाठ सापडायची नाही. पण दह्यातल्या भेंडीची कढई चुलीवर चढली, की दही फाटून त्याचं पाणी वेगळं अन् दाणे वेगळे व्हायचे, आणि सासू कडूबाई ओसरीवरूनच म्हणायची, "आली बघा."

आली म्हणजे नर्मदा आली. नर्मदा ही धुरपतेची सवत, आणि मेलेली. लिंबाजीची ती पहिली बायको. पहिल्या बाळंतपणाला माहेरी चुडाव्याला गेली, ती लेकरासकट तिकडंच संपली. वरीसभरात लिंबाजीनं धुरपतेशी लगीन लावलं. मांडवात मंगळसूत्राच्या जोडीला तिच्या गळ्यात चांदीचा एक टाक बांधला. नखाएवढा, त्यावर बाई कोरलेली. हा सवतीचा टाक. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा घास आधी टाकाला, मग आपल्याला. सतरा वर्षांची पोर ती. जिचं तोंड कधी पाहिलं नाही तिला छातीवर घेऊन निजायला लागली. सांगा बरं, कुणाला झोप येईल?

निजामाचं राज्य होतं, फसली तेराशे पन्नासच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चाळीसच्या आगंमागं. सेलूपासून दोन कोसांवरचं गाव, घर खाऊनपिऊन सुखी. पण त्या घरात मेलेलीचा जेवढा मान, तेवढा जितीचा नव्हता.

भादव्यात अविधवा नवमी येते. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीचा तो दिवस. तिच्या आवडीचं रांधायचं अन् पान कावळ्याला ठेवायचं. आता नर्मदेच्या आवडीचं काय? तर घरादाराच्या तोंडी एकच: नर्मदेची भेंडी. गड्यांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे बोटं चाटायचे म्हणे. तेव्हा नवमीला भेंडी ठरलेली. आणि करणार धुरपता, म्हणजे फुटलेली ठरलेली. पहिल्या वर्षी कावळा शिवला नाही, अन् दिवाळीच्या आधी धुरपतेचं पोट पडलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. कावळा नाही आणि लेकरूही नाही.

"तिचं लेकरू गेलं, ती तुजं जगू द्यायची न्हाई," कडूबाईनं निकाल देऊन टाकला. सासू कसली, कचेरीतला मुनसफच! पण खरं सांगायचं तर धुरपतेलाही तेच वाटायचं. चुलीपुढं बसली की पाठीशी कुणी उभं आहे असं वाटायचं. मागं वळून पाहायची तिची छाती व्हायची नाही. हात कापायचा, फाटी आत सरकायची, जाळ भडकायचा आणि दही फुटायचं.

तिसऱ्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. भादवा लागला तेव्हा चौथा सरत होता. तिनं लिंबाजीला सांगितलं, "आवो, मला चुडाव्याला धाडा. अक्काच्या मायला इचारून येते, अक्काला भेंडी कशी लागायची ते. ह्या टायमाला तिच्या मनासारखी झाली पायजे. न्हाईतर हे बी लेकरू जाईल."

कडूबाई कडाडली. "जिथं ती मेली तिथं पोटुशी बाई धाडतूस? अक्कल गहाण ठिवलीस का?"

लिंबाजी तसा आईपुढं मुका. पण गेलेली लेकरं त्याचीही होती. "जाऊ दे आई," एवढंच म्हणाला, आणि सकाळी गाडी जुंपून बायकोला सेलूच्या टेसनावर घेऊन गेला.

चुडाव्यात नर्मदेची आई कस्तुराबाई दारातच भेटली. पहिलीच्या माहेरानं दुसरीला लेक मानायची रीत असते, पण म्हातारीनं आधी धुरपतेचं तोंड पाहिलं नाही. टाक हातात घेतला, पदरानं पुसला, कितीतरी वेळ तसाच धरला. मग पोरीच्या गालावरून हात फिरवला. "ये माय. वाळून गेलीस की गं."

हातपाय धुऊन झाल्यावर धुरपतेनं विचारलं, "माय, अक्काला भेंडी कशी आवडायची? लय आंबट, का बेताची?"

"भेंडी?" कस्तुराबाई तिच्याकडं बघतच राहिली. "तिला कुठं आवडायची?"

"न्हाई, दह्यातली. आमच्याकडं सगळे म्हणतात की, नर्मदेची भेंडी."

"करायची ती, बाई! खायाला कुणी दिली?" म्हातारीचा आवाज चढला. "तुमच्या घरात चुलीवरचं चाखायचं न्हाई, उष्टं हुतं. आधी बाप्ये जेवणार, मग पाव्हणे, मग सासू. हिची पाळी येईस्तवर कढई रिकामी. चार वर्सं रांधली पोरीनं, जिभंला लागली न्हाई. बाळतपणाला आली तवा मला म्हनली, माय, लोक म्हणतात माज्या हातची भेंडी लय गोड. कशी असती गं ती? मी म्हनलं, उद्या करते, पोटभर खा." कस्तुराबाईनं पुन्हा टाकाला हात लावला. "त्याच राती कळा सुरू झाल्या. कुठली उद्या अन् कुठलं काय."

धुरपतेला घरची कढई आठवली. तीन वर्षांत एकदाही तिनं स्वतःची भेंडी चाखली नव्हती. दरवर्षी आपण त्या बाईपुढं ठेवत होतो ते तिच्या आवडीचं नव्हतंच. तिचं खायचं राहून गेलेलं होतं, आणि तेही कावळ्यापुढं. धुरपतेला रडू आवरेना. कुणासाठी रडतेय हे तिचं तिलाच कळेना.

निघताना म्हातारी म्हणाली, "दही फुटतं ते नर्मदेमुळं न्हाई गं. भ्यालेल्या हाताला जाळ आवरत न्हाई. फाटी बाहीर वढ, दह्याला बेसनाचं बोट लाव, मीठ उतरताना घाल. अन् भेऊ नकोस. ती तुजी वैरीण न्हाई."

नवमीला धुरपतेनं कोवळी भेंडी पुसून घेतली, चिकट तार जाईपर्यंत तेलात परतली. जिरं, लसूण, मिरची, हळद. दही घुसळून बेसन लावलं. पाठीशी कुणी उभं होतंच. "बस अक्का," ती हळूच म्हणाली अन् फाटी ओढून घेतली. दही फुटलं नाही. उतरवून वर मीठ टाकलं, तेव्हा कढईवर पिवळीधम्मक साय धरली होती. कडूबाई दोनदा डोकावून गेली, पण या खेपेला काही बोलली नाही.

पान अंगणात ठेवलं. लिंबावर चार कावळे बसलेले. एकही खाली येईना. ऊन कलायला लागलं, पोटात कावळे ओरडायला लागले तरी झाडावरचे हलेनात. लिंबाजी हात जोडून म्हणाला, "तुजं नाव ठिवतो लेकराला." कावळे जागचे हलले नाहीत. कडूबाई पुढं झाली. "नर्मदे, सोन्याचा टाक घडविते, पर हिचं लेकरू सोड गं." एक कावळा उडाला अन् पलीकडच्या घरावर जाऊन बसला.

कडूबाईनं मटकन बसकण मारली. "गेलं. हे बी गेलं."

तेव्हा धुरपता उठली. आत जाऊन कढईच घेऊन आली. अंगणात, नवऱ्यासमोर, सासूसमोर मांडी घातली, भाकरीचा तुकडा मोडला, भेंडीत बुडवला, टाकाला लावला आणि तोंडात घातला.

"आगं बया!" कडूबाई किंचाळली. "उष्टं केलं! पितरांच्या आधी! सटवे, लेकरू खाशील!"

धुरपतेनं घास चावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मान खाली घालून ती टाकाशी बोलायला लागली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अक्का, आंबट हाय गं. लसूण मागून लागतो. मीठ जरासं कमीच पडलं बघ. तू इचारलं हुतंस ना मायला, कशी असती म्हणून? चार वर्सं रांधून तुला घास मिळाला न्हाई. घे, अशी असती."

लिंबाजीनं मान फिरवली. तो त्या चार वर्षांत रोज पहिल्या पंगतीला जेवला होता. कडूबाईचा वर गेलेला हात तसाच राहिला, मग खाली आला. ती गुडघ्यांवर रांगत पुढं आली, कढई सुनेकडं सरकवली. धुरपतेच्या तोंडाकडं तिनं पाहिलंच नाही, नुसती टाकाकडं पाहत होती.

"खा नर्मदे," म्हणाली. "पोटभर खा."

त्या दिवशी कावळा शिवला की नाही, हे नंतर तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. माघात धुरपतेला लेक झाली आणि ती जगली. त्या घरात पुढं रांधणारीचं पान आधी वाढायला लागले. पण कडूबाई मरेपर्यंत सुनेला जेवायला हाक मारायची ती "नर्मदे" म्हणूनच, आणि धुरपता लगोलग ओ द्यायची. आपण नाही दिली तर दुसरं कुणी देईल, अशी तिला भीती वाटायची.