दुसरी घागर

आर्णीच्या स्टँडसमोर पन्हं विकणारा माझा शेजारी इतका सावकाश बोलायचा, की त्याचं एक वाक्य संपेपर्यंत दोन एसट्या निघून जायच्या. पन्हं मात्र असं, की पिणाऱ्याचे पुढच्या जन्मीचेही दात आंबावेत! त्याला स्वतःला ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ठाऊक नसायचं. आखाजीला मेलेल्या बापाच्या नावानं घागर भरल्याशिवाय तो कैरी जिभेला लावत नसे.

कापसाचा भाव पडला त्या साली त्याचा धाकटा भाऊ सुरतेला कामाला गेला, तो गेलाच. तीन वर्षं चिठ्ठी नाही, निरोप नाही. तिसऱ्या आखाजीला मी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर त्याच्या बायकोनं बापाच्या घागरीशेजारी दुसरी मांडलेली.

"हे कोनाची?" त्यानं विचारलं.

"भाऊजीची," ती हळूच म्हणाली. "किती वर्सं वाट पाहान आता?"

तो थकल्यासारखा उठला. ती दुसरी भरलेली घागर खांद्यावर घेऊन थेट रस्त्यावर गेला आणि उन्हातून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजू लागला.

"काय करून राह्यला बाप्पा?" मी ओरडलो.

"तो बी कोनाच्या तरी दारात पानी मांगत असन," तो म्हणाला.