आश्रुबानं लावलेलं बोनट

पाटोद्यात आश्रुबा मिस्त्रीला लोक 'बोनट' म्हणायला लागले. तीस वर्षं ज्याच्या हातावर डोळे मिटून भरवसा ठेवला, त्याला एस.टी. स्टँडवरचे रिक्षावाले "ए बोनट!" म्हणून हाक मारायचे आणि दात काढायचे. कशासाठी, तर जे त्यानं केलंच नाही त्यासाठी! ऐका सगळं, आणि मग सांगा, माणसाला राग येणार नाही तर काय येईल?

आश्रुबाचे आईबाप ऊसतोड करायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत भरून कारखान्यावर, सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत. आश्रुबानं मात्र कोयता कधी धरलाच नाही. कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड होती, तिथं बसून बसून तो पाना धरायला शिकला. लग्न झाल्यावर शिवकन्येला म्हणाला, "आपून कोपीत राहायचं न्हाई." आणि पाटोद्यात रस्त्याकडेला चार पत्रे ठोकून गॅरेज टाकलं. जागा दुसऱ्याची, पत्रे त्याचे.

बोनट लावायची त्याची एक रीत होती. आधी दोन्ही हातांनी दाबायचं. मग कडेला बोटं घालून स्वतः वर ओढायचं. आणि मग गाडीच्या मालकाला म्हणायचं, "आता तुमी वढून बगा." मालक कितीही घाईत असो, ओढून बघितल्याशिवाय त्याला चावी मिळायची नाही. लोक चेष्टा करायचे, पण ओढायचे.

आता त्या जागेचा मालक कोण? अमरसिंह. बापजाद्यांची शंभर एकर, पाठीमागं पोरांचा ताफा, आणि यंदा झेडपीला उभं राहायची तयारी. त्यानं पुण्याहून एक लाल स्पोर्ट्स कार आणली, सेकंडहँड. आत दोनच माणसं बसतात, तिसऱ्याला जागा नाही, आणि हे म्हणे जनतेचे सेवक! वाढदिवसाच्या दिवशी मिरवणुकीच्या आधी गाडी आश्रुबाच्या दारात आली. हॉर्न वाजत नव्हता आणि काचेवर पाणी उडत नव्हतं. आश्रुबानं अर्ध्या तासात दोन्ही करून दिलं.

बोनट लावताना त्यानं समजावून सांगितलं. "मालक, ह्याचा पत्रा लई हलका हाय. लॉक दोन टप्प्याचं हाय. दुसरा टप्पा बसला न्हाई तर हळू चालवताना कळत न्हाई, पन पळवली की वारं आत शिरतं आन बोनट उचलतं. ट्रॅक्टरचं नुसतं खडखडतं, हे उडंल. आता वढून बगा."

अमरसिंहानं गॉगल न काढता दोन बोटांनी ओढलं. बोनट जागचं हललं नाही. हे पंधरा जणांनी बघितलं.

तेवढ्यात कार्यकर्ते झेंडूचा चार हात लांब हार घेऊन आले. आता आपल्याकडं गाडीला हार कसा घालतात ते काय सांगायला पाहिजे? बोनट उचलायचं, हाराची दोरी आत सारायची, बोनट आपटायचं. दसऱ्याला, लग्नाला, प्रचाराला असंच चालतं आणि आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. म्हाळू नावाच्या कार्यकर्त्यानं तेच केलं. जाड नायलॉनची पिवळी दोरी नेमकी लॉकात गेली, आणि बोनट पहिल्या टप्प्यावरच अडकलं.

आश्रुबा हातातला पाना टाकून धावला. "आरं, दोरी लॉकात गेली! काडा ती! अर्धंच बसलंय!"

डीजे लागला होता, कार्यकर्त्यांना ऐकू गेलं नसेल. पण अमरसिंहाला गेलं. त्यानं सीटवरून मान वळवून म्हटलं, "हार काडल्यावर फोटू कसा येनार बे?"

बापाच्या वयाच्या माणसाला 'बे'! आणि निघून गेला.

लिंबागणेशपर्यंत मिरवणूक बैलगाडीच्या चालीनं गेली. गणपतीचं दर्शन झालं. परतताना मोकळा हायवे बघून अमरसिंहाच्या अंगात आलं. काटा एकशे चाळीसवर गेला आणि बोनट फाडकन उठून काचेवर आदळलं. समोरचं दिसेना. गाडी रस्ता सोडून कडेला घुसली. तिथं, लिंबागणेशजवळच, छबुबाई सीताफळांच्या पाट्या मांडून बसली होती. तिच्या उजव्या पायाची हाडं दोन ठिकाणी मोडली. अमरसिंहाच्या कपाळावर ओरखडा आला.

आणि मोबाईलवर काय फिरलं? 'मिस्त्रीच्या हलगर्जीपणामुळे युवा नेते थोडक्यात बचावले.' खाली आश्रुबाचा फोटो, आणि छबुबाईचं नावसुद्धा नाही!

आश्रुबा तडक अमरसिंहाच्या मळ्यात गेला, कारण पोरांनी गाडी तिकडंच ओढून नेली होती. लॉकात पिवळी दोरी तशीच होती, वर चेंगरलेल्या पाकळ्या. त्यानं चार माणसांना बोलावून दाखवली. सगळे माना डोलावत निघून गेले. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला पोलीस आले तेव्हा लॉक धुऊन पुसून लख्ख. ती चार माणसं म्हणाली, आमी तर काय बघितलंच न्हाई. आश्रुबाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. असली कसली ही माणसं? ज्यांच्या गाड्या यानं रस्त्यात पालथं पडून नीट केल्या, तीच!

संध्याकाळी टाईप केलेला कागद घेऊन अमरसिंह स्वतः गॅरेजवर आला. त्यावर आश्रुबाच्या नावानं लिहिलं होतं, 'बोनट माझ्याकडून नीट लावलं गेलं नाही.'

"सई कर. एक दिवस ठान्यात बसशील, जामीन आमी करू. सोमवारी माझा अर्ज हाय, अंगावर केस नको."

"आन न्हाई केली तर?"

"तर जागा आमची हाय. पत्रे काडून न्यायचे."

शिवकन्येनं रात्रभर एकच धोशा लावला. "करा सई, मोकळं व्हा. ह्या वयात मी कोयता धरू काय?" आश्रुबा तिच्यावर डाफरला खरा. पण ती बिचारी खोटं काय बोलत होती? सकाळी त्यानं तो कागद खिशात घातला आणि बीडची एस.टी. धरली. ज्या बाईचा पाय मोडला तिला आधी तोंड दाखवायचं, मग सहीचं बघू, असं त्याच्या मनानं घेतलं.

बीडच्या दवाखान्यात छबुबाईची लेक मनिषा त्याला दारातच आडवी आली. "बोनटवाले तुमीच ना? कावून आलात? अजून एक पाय राहिलाय म्हनून?"

"येऊ दे गं त्याला," खाटेवरून छबुबाई म्हणाली.

आश्रुबानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हार, दोरी, 'बे', धुतलेलं लॉक. खिशातला कागदही दाखवला. छबुबाई मध्येच म्हणाली, "हार व्हताच की! त्या गाडीचं तोंड वासलेलं आन पिवळा हार फडफडत व्हता, म्या बघितला."

"मग मावशे, हे कुनाला सांगितलंस का न्हाई?"

"काल त्यांची मानसं आलती. मनिषा औशीद आनायला गेलती. म्हनले, दवाखान्याचा कागद हाय, अंगठा द्या." तिनं अंगठा वर केला. शाई अजून गेली नव्हती.

मनिषानं कपाळावर हात मारला. आश्रुबानं हातातला कागद पुढं केला, "असलाच असंल त्यो." छबुबाईला तेवढ्यात सगळं उमगलं, आणि ती जी भडकली! "माज्याच अंगठ्यानं ह्याला फासावर देता काय रे? मनिषे, रिक्षा बोलीव!"

नर्स ओरडली, डॉक्टर ओरडले. म्हातारीनं कुणाचं ऐकलं नाही. मनिषाला जबाबदारीची सही करायला लावून, प्लास्टरमधला पाय सीटवर लांब करून ती रिक्षात बसली. मनिषा तिच्या उशाशी, आश्रुबा ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या बुडावर. रिक्षा एसपी ऑफिसच्या पायरीला लागली. छबुबाईच्या अंगठ्याचा कागद सकाळीच तिथं येऊन पडला होता. एक साहेब तो घेऊन रिक्षापाशी आले.

"मावशी, अंगठा तुमचाच ना?"

"माजाच. पन लिव्हलंय काय ते मला कुनी सांगितलं न्हाई. वाचा."

साहेबांनी वाचलं. "'पाटोदा येथे मिस्त्रीनं बोनट उघडं ठेवल्याचं मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं.'"

"पाटोद्यात?" छबुबाई कडाडली. "आवो साहेब, हा पाटोद्यात बोनट लावत व्हता तवा म्या लिंबागनेशला सीताफळं ईकत बसलेली! माजे डोळे काय तितवर जात्यात?"

साहेबांनी कागद पुन्हा एकदा वाचला. आतून कोरा कागद मागवला आणि म्हणाले, "सांगा, पहिल्यापासून."

छबुबाईचं सांगून झालं तेव्हा आश्रुबानं खिशातला कागद काढला. खाली सहीची जागा मोकळीच होती.

"साहेब, हेबी जोडा. सई केलेली न्हाई, तसंच जोडा," तो म्हणाला. "आन सोमवारच्या आत मी माजे पत्रे काडनार हाय, कावून काडनार तेबी लिव्हा."