जोह्याचा ठिपका

जरा कान इकडं कर गो पोरी, तुला रागवायचंय. फोनवर लोकेशन पाठवलं म्हणजे भेट झाली का?

आमच्या वरसे गावातल्या शेजाऱ्याला हॅम रेडिओची, म्हणजे घरच्या सेटवरून बिनतारी बोलायची, हौस. जोहे गावातल्या मित्राचा सेट दर दहा मिनिटांनी आपला ठावठिकाणा पाठवी आणि ह्याच्या पडद्यावरच्या नकाशात ठिपका उमटे. हा चहा पिताना पुटपुटे, "हाय, गडी हाय."

मित्र वारला, तरी सेट चालूच राहिला, ठिपकाही येत राहिला. परवा मित्राच्या सुनेनं तो बंद केला. तसा हा माझ्या दारात.

"काकी, एक टिकली द्या."

ती त्यानं पडद्यावर जोह्याच्या जागी चिकटवली.

आता तिच्याकडं बघत बसतो. चहा निवून जातो, पण "हाय" काय म्हणत नाय.

मला ठिपके नकोत गो. या रविवारी येऊन जा.